मनगटात न लागणारी नाडी

डॉक्टर मनगट धरतात, तीन बोटं जागेवर टेकवतात, जरा सरकवून पाहतात, पण नाडी काही लागत नाही. समोरची तरुणी मात्र नीट बसून बोलत असते. ताकायासू आर्टरायटिस हा रक्तवाहिन्यांच्या दाहाचा एक प्रकार कित्येकदा असा उघडकीस येतो. महाधमनी आणि तिच्या मोठ्या शाखांची भिंत सुजते, जाड होते आणि आतली वाट चिंचोळी होत जाते. जंतू नसताना शरीराची प्रतिकारशक्तीच स्वतःच्या धमन्यांवर उलटलेली असते.

रक्तवाहिन्यांच्या दाहाच्या अशा आजारांचं पहिलं सविस्तर वर्णन १८६६ सालचं, जर्मनीतल्या फ्रायबुर्गमधलं. ताप, अंगदुखी आणि वाढत्या अशक्तपणाने एक २७ वर्षांचा शिंपी दगावला. कुसमाउल आणि मायर या डॉक्टरांनी शवविच्छेदन केलं, तेव्हा त्याच्या धमन्यांवर नुसत्या डोळ्यांना दिसतील अशा गाठी होत्या.

ताकायासू हे जपानमधल्या कानाझावाचे, आणि डोळ्यांचे डॉक्टर. १९०८ मध्ये नेत्रतज्ज्ञांच्या सभेत त्यांनी एका तरुणीची केस मांडली. तिच्या डोळ्याच्या पडद्यावर, नेत्रतंतूच्या तोंडाभोवती, रक्तवाहिन्यांनी गजऱ्यासारखं कडं केलं होतं. मानेतल्या धमन्या आक्रसल्या की डोळ्याला रक्त कमी पडतं आणि त्यातून अशा जोडवाटा तयार होतात, हे पुढे कळलं. त्याच सभेत ओनिशी आणि कागोशिमा यांनी आपापले तसेच रुग्ण सांगितले, आणि त्यांच्या मनगटात नाडी लागत नसल्याचंही. डोळा आणि मनगट यांची सांगड घालणारं हे निरीक्षण मला सगळ्यात मोलाचं वाटतं. आजाराच्या नावात मात्र ते दोघे नाहीत. ‘नाडीविरहित आजार’ हे नाव १९५१ मध्ये शिमिझू आणि सानो यांनी रूढ केलं. साधारण त्याच सुमारास स्टिरॉइड औषधं हाती आली, आणि दाह आटोक्यात आणायचा पहिला खरा उपाय मिळाला.

भारतात हा आजार युरोपपेक्षा जास्त दिसतो, आणि मूत्रपिंडाच्या धमन्या आवळल्यामुळे चढलेला रक्तदाब ही त्याची इथली नेहमीची खूण. इथेच फसगत होते. दाब मोजायचा पट्टा आक्रसलेल्या धमनीच्या हाताला बांधला, तर चढलेला दाबही कमी दिसतो आणि मुलगी ‘नॉर्मल’ म्हणून घरी जाते. म्हणून विशी-तिशीतल्या मुलीला बरेच दिवस बारीक ताप, थकवा किंवा केस विंचरताना हात भरून येण्याचा त्रास असेल, तर दाब दोन्ही हातांना मोजायला हवा. दोन्ही हातांच्या वरच्या आकड्यात १० मिलिमीटरहून जास्त फरक, हा या आजाराच्या १९९० सालच्या अमेरिकी निकषांपैकी एक होता.