मे-जूनमधली ट्राउट: तीर्थन नदीबद्दलचा खुलासा

"ट्राउटच्या फ्लाय फिशिंगसाठी हिमाचलला मे-जूनमध्येच जावं" हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. (ट्राउट म्हणजे थंड पाण्यातला मासा; फ्लाय फिशिंग म्हणजे गळाला नकली माशी लावून तो पकडणं.) तो शाळेच्या सुट्टीला सोयीचा आहे, नदीला नाही. त्या काळात वरचा बर्फ वितळतो, तिथल्या तीर्थन नदीला जोर चढतो, पाणी गढुळतं. अशा पाण्यात अलगद टाकलेली नकली माशी ट्राउटला दिसणार कशी? जुलै-ऑगस्ट पावसाचे. मार्च-एप्रिल निवडा, नाहीतर पाऊस ओसरल्यावरचा ऑक्टोबर. १ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर ट्राउट पकडायला बंदी असते आणि ती मनापासून पाळावी: ब्राउन ट्राउट थंडीत नदीतळाच्या खडीत अंडी घालते, तिथे नुसतं चाललं तरी ती चिरडतात. एरवीही मत्स्य विभागाचा परवाना लागतोच.