खानापूर कुठले? रिपोर्टच्या पानांमधले फिल्टर कसे जोडले गेले

बेळगावात 'खानापूर' म्हटले की कुठले, हे कुणी विचारत नाही. पण सांगली जिल्ह्यातही खानापूर नावाचा तालुका आहे. दोन्हीकडे माल जाणाऱ्या वितरकाच्या रिपोर्टमध्ये 'खानापूर' निवडले की दोन राज्यांतल्या दोन तालुक्यांची बेरीज एकाच आकड्यात येते. विक्री, वसुली आणि शिल्लक मालाच्या पानांचे फिल्टर एकमेकांना जोडलेले असले, तर ही चूक तिन्ही पानांवर एकदमच जाते. आकडे एकमेकांशी जुळतात, म्हणून शंकाही येत नाही.

ही जोडणी मुळात आली कशी? १९९३च्या एक्सेल ५मध्ये पिव्होट टेबल, म्हणजे लांब यादीची गटवार बेरीज मांडणारे तक्ते, आले. त्यात वर एक 'पेज फील्ड' असे, तालुका किंवा महिना निवडायला. प्रत्येक पिव्होटचे पेज फील्ड स्वतंत्र. चार शीटवर चार पिव्होट असतील तर निवड चार वेळा करायची. एक्सेल २०१०मध्ये स्लायसर आले आणि एक बटण अनेक पिव्होटना जोडता येऊ लागले. आजही स्लायसरवर उजवी टिचकी मारून 'रिपोर्ट कनेक्शन्स'मध्ये हवे ते पिव्होट निवडायचे असतात, मग ते दुसऱ्या शीटवर असले तरी चालतात. अट एकच: त्या सगळ्या पिव्होटचा कॅश, म्हणजे एक्सेलने मागे साठवलेली मूळ डेटाची प्रत, एक हवा. टॅलीतून दर महिन्याला नवी फाइल काढून तिच्यावर नवा पिव्होट बसवला की तो यादीत दिसतच नाही. नवा डेटा जुन्याच टेबलात खाली जोडून जुन्या पिव्होटची प्रत काढली तर दिसतो. एक्सेलमध्ये 'स्लायसर जुळत नाही' ही तक्रार आली की आधी हेच तपासावे.

स्वीडनमधल्या क्लिकटेक कंपनीने (स्थापना १९९३) उलटी वाट धरली. तिच्या क्लिकव्ह्यू या रिपोर्टच्या सॉफ्टवेअरमध्ये केलेली निवड मुळातच सगळ्या शीटना लागू असे: निवडलेले हिरवे, संबंधित पांढरे, वगळलेले करडे. तिथे निवड वाचकाची, पानाची नव्हे. मग काहींना निपाणी आणि चिक्कोडी शेजारी शेजारी ठेवून ताडायचे असत. त्यांच्यासाठी पुढे 'अल्टरनेट स्टेट्स' आणावी लागली, म्हणजे मुद्दाम जोडणी तोडण्याची सोय. याच्याही मागे संशोधन आहे. १९८७मध्ये बेकर आणि क्लीव्हलँड यांनी एका आलेखातले ठिपके निवडले की शेजारच्या आलेखांतही तेच ठिपके उजळतील अशी पद्धत मांडली होती. ती मात्र एकाच पडद्यापुरती होती.

टॅब्लो या आलेख आणि रिपोर्टच्या सॉफ्टवेअरने मधला मार्ग काढला: फिल्टर एका वर्कशीटला लावायचा, निवडक वर्कशीटना, की तोच डेटा सोर्स वापरणाऱ्या सगळ्यांना, हे बनवणाऱ्याने ठरवायचे. दोन वेगवेगळ्या सोर्सना एकच फिल्टर लावण्याची सोय २०१६च्या टॅब्लो १०मध्ये आली.

आपल्याकडे सीए ऑफिसांपासून उद्यमबागेतल्या फाउंड्रींपर्यंत एक्सेलची सवय असल्याने मायक्रोसॉफ्टच्याच पॉवर बीआय या रिपोर्टच्या सॉफ्टवेअरकडे वळणे सोपे पडते. ते जुलै २०१५मध्ये सर्वांसाठी खुले झाले, पण स्लायसर पानापुरताच होता. पहिल्या पानावर 'निपाणी' निवडून दुसऱ्या पानावर गेले की पुन्हा सगळा जिल्हा. उपाय दोनच: फिल्टर पेनमध्ये पूर्ण रिपोर्टचा फिल्टर लावायचा, नाहीतर प्रत्येक पानावर वेगळा स्लायसर ठेवून वाचकाला पुन्हा पुन्हा टिचक्या मारायला लावायच्या. सप्टेंबर २०१७मध्ये ड्रिलथ्रू आले, म्हणजे एका ओळीवरून तिचा संदर्भ घेऊन दुसऱ्या पानावर जाता येऊ लागले. फेब्रुवारी २०१८च्या आवृत्तीत 'सिंक स्लायसर्स' आले.

ही सोय नंतर चिकटवलेली आहे, हे तिच्या मांडणीतूनच कळते. 'व्ह्यू' टॅबवरून 'सिंक स्लायसर्स' उघडून स्लायसर निवडला की पानांची यादी आणि तिच्यापुढे दोन रकाने दिसतात. एक सिंकचा, दुसरा डोळ्याचा. सिंकवर खूण करून डोळा मिटलेला ठेवला तर स्लायसर त्या पानावर असतो, दिसत नाही, पण काम करतो. पान मोकळे राहते, म्हणून हे मोहक वाटते. घोळही इथेच होतो: आकडा का घटला, हे वाचकाला कळत नाही. अशा प्रत्येक पानावर चालू निवड दाखवणारे एक छोटे कार्ड ठेवावेच. त्यातच, पॉवर बीआयच्या ऑनलाइन सर्व्हिसमध्ये वाचकाची शेवटची निवड टिकून राहते. शनिवारी 'खानापूर' पाहणाऱ्याला सोमवारीही खानापूरच दिसते, जोवर तो रिसेट करत नाही.

एक कमी वापरला जाणारा भाग म्हणजे ग्रुपचे नाव. 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये दोन स्लायसरना एकच नाव दिले की ते एकमेकांमागून चालतात, फील्ड वेगळे असले तरी. साखर पट्ट्यात हे महागात पडते. हिशेबाचे वर्ष एप्रिल ते मार्च, साखर वर्ष ऑक्टोबर ते सप्टेंबर, आणि दोन्ही रकान्यांत '२०२३-२४' असेच लिहिलेले असते. एका ग्रुपमध्ये टाकले तर मजकूर जुळतो आणि काळ सहा महिने सरकतो. रकान्यातच 'हंगाम २०२३-२४' असे लिहिले तर ही गफलत होत नाही.

आता पुन्हा नावांकडे. १ नोव्हेंबर २०१४ला कर्नाटकाने बारा शहरांची नावे बदलली. बेळगावचे बेळगावी, हुबळीचे हुब्बळ्ळी झाले. जुन्या बिलांवर एक स्पेलिंग, नव्यावर दुसरे, ट्रान्सपोर्टवाल्याच्या पावतीवर तिसरेच. निपाणी पूर्वी चिक्कोडी तालुक्यात होती, आता स्वतंत्र तालुका आहे. चंदगड १९५६पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होते, आज कोल्हापुरात आहे, तरी तिथले गिऱ्हाईक बाजाराला बेळगावलाच येते. स्लायसरला यातले काही कळत नाही. त्याला रकान्यातला मजकूर तेवढा दिसतो.

म्हणून विक्रीच्या तक्त्यातला तालुका थेट स्लायसरला लावू नये. तालुक्यांचा एक वेगळा तक्ता करावा: प्रत्येक तालुक्याला एक कोड, राज्य, जिल्हा, आणि दाखवायचे एकच नाव, उदाहरणार्थ 'खानापूर (बेळगाव)'. विक्री, वसुली आणि साठा हे तिन्ही तक्ते त्या कोडाने त्याला जोडावेत. वेगळी स्पेलिंगे कोडावर आणणारी यादी पॉवर क्वेरीत (डेटा आत घेताना तो साफ करणाऱ्या भागात) ठेवावी आणि न जुळलेल्या नावांना 'तपासा' असा कोड द्यावा, म्हणजे ती गळून न जाता डोळ्यांसमोर राहतात. गिऱ्हाईक नोंदणीकृत असेल तर राज्यासाठी जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन आकडे घ्यावेत: कर्नाटक २९, महाराष्ट्र २७, गोवा ३०. मात्र हे नोंदणीचे राज्य झाले. माल दुसऱ्या राज्यात उतरला असेल तर पोच करण्याच्या पत्त्याचा रकाना वेगळा ठेवावा लागतो आणि तालुक्याचा कोड त्या पत्त्यावरूनच घ्यावा लागतो.