व्हिसाची मुदत उलटल्यावर इमिग्रेशनचे प्रश्न: हिशेब, कागदपत्रं आणि उत्तरं

व्हिसावर परदेशात मुदतीपेक्षा जास्त राहून (म्हणजे ओव्हरस्टे) झालं असेल, तर काउंटरसमोर उभं राहण्याआधी आपण नेमके किती दिवस जास्त राहिलो ते कागदावर मांडा. 'असतील दोनेक महिने' असं म्हणून भागत नाही, कारण अधिकाऱ्याच्या स्क्रीनवर तारखा असतात. बऱ्याच जणांचा हिशेब तर पहिल्याच पायरीवर चुकतो, कारण ते पासपोर्टमध्ये चिकटवलेल्या व्हिसावरची शेवटची तारीख धरतात.

अमेरिकेच्या व्हिसावरची ती तारीख म्हणजे त्या व्हिसावर कधीपर्यंत प्रवेश मागता येईल, एवढंच. किती दिवस राहायचं ते आय-९४ या नोंदीत असतं आणि ती ऑनलाइन बघता येते. दहा वर्षांचा व्हिसा हातात असलेला पर्यटकही सहा महिन्यांनी मुदत उलटलेला ठरू शकतो. शेंगेन देशांत (एका व्हिसावर फिरता येणारे युरोपातले देश) कुठल्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं, आणि पोहोचल्याचा दिवस व निघाल्याचा दिवस हे दोन्ही त्यात धरतात. हे गणित बोटांवर करायच्या फंदात पडू नका, युरोपीय आयोगाच्या संकेतस्थळावर त्यासाठी कॅल्क्युलेटर आहे. ऑक्टोबर २०२५ पासून तिथे शिक्क्यांऐवजी चेहरा आणि बोटांचे ठसे घेणारी ईईएस नोंदणी टप्प्याटप्प्याने सुरू झाली. पुसट शिक्क्यावर निभावून नेण्याचा काळ संपला.

दिवस कळले की परिणाम कळतो. अमेरिकेत १८० दिवसांपेक्षा जास्त, पण वर्षाच्या आत बेकायदा राहून निघालात तर ३ वर्षं प्रवेशबंदी. वर्ष किंवा त्याहून जास्त झालं तर १० वर्षं. १८ वर्षांखालच्या मुलांचे दिवस यात धरत नाहीत. बंदी लागली नाही तरी एका दिवसाच्या ओव्हरस्टेनेही जुना व्हिसा रद्द होतो आणि नवा साधारणपणे मायदेशातूनच काढावा लागतो. ब्रिटनमध्ये ३० दिवसांच्या आत स्वखर्चाने निघून गेलात तर या कारणाने सहसा बंदी येत नाही, त्यानंतर स्वखर्चाने निघालात तर १२ महिने. थायलंडमध्ये दिवसाला ५०० बात दंड आहे, तो २०,००० वर थांबतो. पण ९० दिवसांपेक्षा जास्त राहून स्वतः हजर झालात तर १ वर्षाची बंदी, आणि पकडले गेलात तर थोड्या दिवसांच्या ओव्हरस्टेलाही ५ वर्षांची. आकडे देशोदेशी वेगळे असले तरी स्वतःहून निघणाऱ्याला पकडल्या गेलेल्यापेक्षा सौम्य वागणूक मिळते, हे बहुतेक ठिकाणी दिसतं.

अजून त्या देशातच असाल तर परिस्थिती सावरता येते का, ते आधी बघा. अमेरिकेत मुदत संपण्याआधी आय-५३९ अर्ज भरून मुदतवाढ मागता येते. कॅनडात पर्यटक, विद्यार्थी आणि कामगार यांना तिथे राहण्याचा कायदेशीर दर्जा गेल्यापासून ९० दिवसांच्या आत तो पूर्ववत करून मागता येतो. शेंगेन व्हिसावर आजारपणासारख्या मानवतेच्या कारणासाठी किंवा आपल्या हाताबाहेरच्या अडचणीसाठी मुदतवाढ मिळू शकते आणि तिला शुल्क नाही. ऑस्ट्रेलियात निघण्याची तयारी होईपर्यंत ब्रिजिंग व्हिसा ई हा तात्पुरता व्हिसा मागता येतो. २८ दिवसांपेक्षा जास्त काळ विनाव्हिसा काढला तर पुढे ३ वर्षं अडवणूक होऊ शकते.

कागदपत्रांत तीन गोष्टी सिद्ध व्हायला हव्यात: कधी आलात, का थांबलात, कधी निघालात. पासपोर्ट (जुना रद्द झालेलाही), तिकिटं आणि बोर्डिंग पास जपून ठेवा. अमेरिकेतून निघताना विमानतळावर वेगळं इमिग्रेशन काउंटर नसतं, नोंद विमान कंपनीच्या प्रवासी यादीवरून होते. जमिनीवरच्या सीमेवरून निघालेल्यांची नोंद राहून गेली असेल, तर पुढच्या देशाचा शिक्काच कामी येतो. शेंगेनमध्ये प्रवेशाचा शिक्का किंवा ईईएस नोंदच नसेल तर मुदत उलटली असं गृहीत धरता येतं, पण तिकिटासारख्या विश्वासार्ह पुराव्याने ते खोडूनही काढता येतं. कारणाच्या बाबतीत रुग्णालयाचं पत्र तारखांसह हवं आणि त्यात 'प्रवास करू नये' असं स्पष्ट लिहिलेलं हवं. नुसती औषधांची बिलं पुरत नाहीत. विमान रद्द झालं तर कंपनीकडून लेखी पत्र तिथल्या तिथे घ्या, नंतर मागायला गेलात तर कुणी दाद देत नाही. नातेवाइकांची 'हा माणूस चांगला आहे' छापाची पत्रं जोडली नाहीत तरी चालतं.

हे प्रश्न तीन जागी विचारले जातात: निघताना, पुढच्या व्हिसाच्या अर्जात आणि पुढच्या वेळी उतरल्यावर. सगळ्यात महागात पडतो तो अर्ज. अमेरिकेच्या डीएस-१६० या व्हिसा अर्जात आधी कधी मुदतीपेक्षा जास्त राहिला होतात का, असं थेट विचारलेलं असतं. बरेच एजंट तिथे डोळे झाकून 'नाही' भरतात. एजंटने भरलं तरी सही तुमचीच असते. ओव्हरस्टेची बंदी ३ किंवा १० वर्षांनी संपते. महत्त्वाच्या बाबतीत जाणूनबुजून खोटं सांगितल्याचा ठपका मात्र अमेरिकेत आयुष्यभर राहतो, आणि खास सूट मिळाली तरच त्यातून वाट निघते. ब्रिटनमध्ये फसवणुकीला १० वर्षं आहेत. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड आपसांत बोटांच्या ठशांची माहिती पडताळून बघतात, म्हणून 'हा वेगळा देश आहे, यांना काय कळणार' यावर विसंबू नका.

काउंटरवरचं बोलणं साधारण असं होतं. "मागच्या वेळी मुदतीत निघालात का?" "नाही. मुदत १२ मार्चपर्यंत होती, मी ३० एप्रिलला निघालो. ४९ दिवस जास्त." "का?" "पाय मोडला होता. डॉक्टरांनी विमानप्रवासाला मनाई केली होती, हे त्यांचं पत्र." "मग मुदतवाढ का नाही मागितली?" इथे बहुतेक जण गडबडतात आणि नवीन गोष्ट रचायला लागतात. अर्ज केला नसेल तर 'केला नाही, असा अर्ज करता येतो हे माहीत नव्हतं' एवढंच सांगा, तेही खरं असेल तरच. पुढे "त्या काळात खर्च कसा भागवला? काम केलंत?" हे येणारच. खर्च भावाने केला असेल तर बँकेतून आलेल्या पैशांची नोंद जवळ ठेवा. विचारलं तेवढ्याचंच उत्तर द्या. आठवत नसेल तर 'कागद बघून सांगतो' म्हणा, अंदाजाने तारीख ठोकू नका. काही देशांत फोनही तपासला जातो, आणि तोंडी सांगितलेल्याविरुद्ध एखादा जुना मेसेज निघाला की बाकीच्या खऱ्या उत्तरांवरही विश्वास राहत नाही.

आत वेगळ्या खोलीत बसवलं म्हणजे अटक झाली असं नाही. भाषा नीट समजत नसेल तर दुभाषी मागा. जबाब लिहून घेतला असेल तर प्रत्येक पान वाचून किंवा वाचून घेऊनच सही करा. अमेरिकेत प्रवेश नाकारण्याची वेळ आली तर प्रवेशाची विनंती मागे घेऊ देता का, असं विचारता येतं. ते अधिकाऱ्याच्या मर्जीवर असतं, पण मंजूर झालं तर तातडीच्या हकालपट्टीची ५ वर्षांची बंदी टळते. ताब्यात घेतलं तर आपल्या दूतावासाला कळवा, अशी मागणी करण्याचा हक्क १९६३ च्या व्हिएन्ना करारातल्या कलम ३६ ने दिलेला आहे.

ओव्हरस्टे १८० दिवसांच्या पुढचा असेल, मध्ये पोलीस प्रकरण झालं असेल किंवा जुन्या अर्जात चुकीचं उत्तर गेलं असेल, तर नवा अर्ज भरण्याआधी त्या देशाच्या इमिग्रेशन वकिलाला गाठा. आणि मुलाखतीत तोंडून खोटं निघून गेलंच, तर अधिकाऱ्याने पकडण्याआधी तिथेच दुरुस्त करा. अमेरिकेच्या नियमांत अशी वेळीच आणि स्वतःहून केलेली दुरुस्ती ग्राह्य धरली जाते. पुरावा समोर ठेवल्यावर दिलेल्या कबुलीला तो फायदा मिळत नाही.