झिग्बी जाळ्यात उपकरणाचा प्रवेश

दाराचा सेन्सर, दिवा, प्लग यांसारखे लहान अंतःस्थापित उपकरण झिग्बीसारख्या कमी शक्तीच्या बिनतारी मेशचे, म्हणजे उपकरणे एकमेकांचे निरोप पुढे नेतात अशा जाळ्याचे, सदस्य होते ती प्रक्रिया. बोलण्यात तिला सरसकट ‘पेअर करणे’ म्हणतात. हेडफोन आणि फोन यांच्याबाबत तो शब्द चपखल आहे, कारण तिथे व्यवहार दोघांपुरता असतो. मेशमध्ये नवागताला तीन गोष्टी मिळवाव्या लागतात : शेजारचा एक पालक नोड (नोड म्हणजे जाळ्यातले एक उपकरण), जाळ्यातला पत्ता आणि संदेश कुलूपबंद करणारी जाळ्याची किल्ली. या तिन्ही एकाच हातून मिळतील असे नाही. ‘जोडले गेले पण चालत नाही’ अशी तक्रार असते तेव्हा बहुधा पहिल्या दोन पदरात पडलेल्या असतात आणि तिसरी वाटेत अडकलेली असते.

झिग्बीचा पाया म्हणजे आयईईई ८०२.१५.४ हे २००३ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेले मानक. २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात ते ११ ते २६ क्रमांकांचे १६ चॅनेल देते. वेग सेकंदाला २५० किलोबिट, तर एका चौकटीची (एका वेळी पाठवायच्या संदेशतुकड्याची) कमाल लांबी १२७ बाइट. त्यावरचे जाळ्याचे आणि सुरक्षिततेचे थर झिग्बी अलायन्सने रचले. ही संघटना २००२ मध्ये स्थापन झाली व २०२१ पासून कनेक्टिव्हिटी स्टँडर्ड्स अलायन्स या नावाने ओळखली जाते. पहिले विनिर्देश डिसेंबर २००४ मध्ये मंजूर झाले. ते सार्वजनिक झाले २००५ मध्ये, त्यामुळे संदर्भग्रंथांत दोन्ही साले आढळतात.

नाव व पूर्वपीठिका : ‘झिग्बी’ या नावाच्या उगमाबद्दल एकमत नाही. प्रचारसाहित्यातील प्रचलित कथा अशी, की पोळ्यात परतलेली मधमाशी नागमोडी नाचून इतरांना मकरंदाचा ठावठिकाणा सांगते, त्यावरून हे नाव आले. कार्ल फॉन फ्रिश यांनी या नृत्याचा अर्थ उलगडला. १९७३ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता. नृत्याची आकृती इंग्रजी आठच्या आकड्यासारखी असते.  पण कीटकविज्ञानात यासाठी रूढ असलेली संज्ञा ‘वॅगल डान्स’ आहे, ‘झिग्बी’शी तिचे साम्य नाही. शिवाय याच तंत्राच्या आरंभीच्या प्रस्तावांना होमआरएफ लाइट, फायरफ्लाय, पर्लनेट अशी नावे होती. त्यातले एक काजव्याचे, म्हणजे कीटकाच्या नावाची हौस आधीपासूनची दिसते. नाव आधी घडले व मधमाशी नंतर चिकटली, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. उपमाही तशी उलटीच बसते : पोळ्यात नाचते ती घरची माशी, इथे धडपडतो तो नवखा.

‘स्वतःच शेजारी शोधून मार्ग ठरवणारे बिनतारी जाळे’ नेमके केव्हापासून मोजायचे, याबद्दलही मतभेद आहेत. काही लेखक हवाई विद्यापीठाच्या १९७१ च्या अलोहानेटपासून सुरुवात करतात. पण तिथे सर्व स्थानके एका मध्यवर्ती केंद्राशी बोलत. एका नोडने दुसऱ्याचा निरोप पुढे नेणे त्यात नव्हते. पॉल बॅरन यांच्या १९६४ च्या वितरित जाळ्याच्या मांडणीत ती कल्पना आहे, मात्र फिरत्या, शेजार बदलणाऱ्या रेडिओ नोडांचा प्रश्न तिच्यापुढे नव्हता. अमेरिकी संरक्षण संशोधन संस्थेचा १९७० च्या दशकातील पॅकेट रेडिओ प्रकल्प या दोन्हींपेक्षा जवळचा पूर्वज ठरतो. झिग्बीची मार्ग शोधण्याची पद्धत २००३ मध्ये इंटरनेटच्या आरएफसी दस्तऐवजमालेत क्रमांक ३५६१ म्हणून नोंदल्या गेलेल्या एओडीव्ही या, गरज पडेल तेव्हाच मार्ग शोधणाऱ्या पद्धतीवरून घेतलेली आहे.

प्रवेशाचा क्रम : नाण्याएवढ्या बॅटरीवर चालणारा दाराचा सेन्सर घेऊ. टाचणीने बटण पाचेक सेकंद दाबून धरले की बारीक दिवा लुकलुकू लागतो. या वेळी उपकरण प्रत्येक चॅनेलवर ‘बीकन रिक्वेस्ट’ पाठवते. ही अवघी १० बाइटांची हाक असून तिच्यात पाठवणाऱ्याचा पत्ताही नसतो. ‘इथे कोणी आहे का?’ एवढाच तिचा अर्थ. नेहमीच्या मांडणीत एका चॅनेलवर सुमारे १३८ मिलिसेकंद कान देऊन ते पुढे सरकते, म्हणजे सोळाही चॅनेल पालथे घालायला सव्वादोन सेकंद लागतात. ऐकू येतील तेवढे कोऑर्डिनेटर (जाळे सुरू करणारा मुख्य नोड) व राउटर (इतरांचे निरोप पुढे नेणारे नोड) बीकन नावाच्या छोट्या संदेशाने उत्तर देतात. त्यात जाळ्याची ओळख, सध्या प्रवेश खुला आहे की नाही, आणि आणखी अपत्ये सांभाळायला जागा आहे का, ही माहिती असते.

उपकरण त्यांतून चांगल्या सिग्नलचा पालक निवडून सहभागाची विनंती करते. या विनंतीत क्षमता सांगणारा एकच बाइट असतो, पण पुढचे सारे नाते त्यावर ठरते. मी राउटर होऊ शकतो का, विजेवर चालतो की बॅटरीवर, निवांत असताना रेडिओ चालू ठेवतो का, अशी उत्तरे त्यातल्या एकेका बिटात भरलेली असतात. ‘रेडिओ बंद ठेवतो’ असे सांगणाऱ्या, म्हणजे झोपाळू, अपत्यासाठी आलेले निरोप पालक राखून ठेवतो आणि ते जागे होऊन विचारील तेव्हा देतो. मूळ मानकानुसार हे राखणे ७.६८ सेकंदांचे. त्याहून जास्त झोपणाऱ्या उपकरणाला पाठवलेला आदेश म्हणूनच अधूनमधून हरवतो.

पत्त्याचा प्रश्न : प्रत्येक रेडिओला कारखान्यातून ६४ बिटांचा कायमचा पत्ता मिळतो, जाळ्यात वापरायचा पत्ता १६ बिटांचा असतो आणि कोऑर्डिनेटरचा पत्ता नेहमी शून्य. सुरुवातीच्या आवृत्त्यांत पत्ते वृक्षपद्धतीने वाटले जात. प्रत्येक पालकाला २० अपत्ये, त्यांतले कमाल ६ राउटर, आणि ५ पातळ्या खोली हे मान धरले, तर कोऑर्डिनेटरच्या पहिल्या राउटरला पत्ता १ मिळे, दुसऱ्याला ५१८२ आणि पहिल्या झोपाळू उपकरणाला ३१०८७. मधले ५१८० पत्ते त्या एका राउटरच्या वंशासाठी राखीव. वारस आले नाहीत तरी ते दुसऱ्याला मिळत नसत. वाडवडिलांच्या जमिनीच्या वाटण्यांची आठवण व्हावी असा हा प्रकार. लांबट घरात किंवा गोदामात एका दिशेला पाच पातळ्या संपल्या, की हजारो पत्ते पडून असतानाही नवे उपकरण नाकारले जाई. २००७ च्या झिग्बी प्रोने हा हिशेब सोडला. पालक आता यादृच्छिक पत्ता देतो आणि तो दुसऱ्या कोणाकडे निघालाच तर टक्कर ओळखून बदलला जातो. गणिती सौंदर्य गेले, अडचणही गेली.

किल्ली : पत्ता मिळाला तरी उपकरण अद्याप उंबऱ्यावरच असते. जाळ्यातली रहदारी १२८ बिटांच्या सामाईक किल्लीने कुलूपबंद असते. ती किल्ली ‘ट्रस्ट सेंटर’ देते; घरगुती मांडणीत हे काम कोऑर्डिनेटरच करतो. किल्ली हवेतून उघडी पाठवता येत नाही, म्हणून ती दुसऱ्या एका किल्लीत गुंडाळली जाते. ही दुसरी किल्ली पूर्वनियोजित आणि सर्वांना ठाऊक आहे : ‘झिग्बीअलायन्स०९’ ही अक्षरे रोमन लिपीत लिहिली की बरोबर १६ बाइट भरतात. प्रवेशाच्या त्या क्षणी जवळपास कोणी ऐकत असेल, तर संपूर्ण जाळ्याची किल्ली त्याच्या हाती लागते. प्रवेश कायम उघडा न ठेवता काही मिनिटांपुरताच खुला करण्यामागे हेही एक कारण आहे. झिग्बी ३.० ने उपकरणावर छापलेल्या ‘इन्स्टॉल कोड’वरून स्वतंत्र किल्ली काढण्याची सोय दिली. बारीक अक्षरांतला तो कोड टाइप करण्याचा कंटाळा मात्र कोणत्याही मानकाला दूर करता आलेला नाही.

प्रत्येक संदेशावर वाढता क्रमांक असतो, म्हणजे जुना संदेश ध्वनिमुद्रित करून पुन्हा वाजवता येत नाही. याचा उलटा फटका कोऑर्डिनेटर बदलताना बसतो. नव्या यंत्रात जुनी किल्ली घातली पण क्रमांक शून्यापासून सुरू झाला, तर बाकीचे नोड त्याचे बोलणे जुने समजून मुकाट्याने टाकून देतात.

प्रवेशानंतर : उपकरण आपल्या आगमनाची घोषणा करते आणि त्याचे मार्ग तयार होतात. झोपाळू उपकरण सहसा एकाच पालकाला धरून राहते. कोऑर्डिनेटरच्या शेजारी बसून जोडलेला सेन्सर नंतर गॅलरीत लावला, तर तो जवळचा राउटर सोडून जुन्याच पालकाला क्षीण आवाजात हाका मारत राहू शकतो. उपकरण जिथे लावायचे तिथेच जोडावे असा जाणकारांचा आग्रह त्यामुळेच असतो. दुसरा नेहमीचा घात भिंतीवरच्या बटणाचा. स्मार्ट दिवा हा राउटरही असतो. खोलीतून निघताना सवयीने बटण बंद केले की त्याची अपत्ये अनाथ होऊन नवा पालक शोधू लागतात.

वाय-फाय १, ६ व ११ चॅनेलांवर असेल तर झिग्बीचे १५, २०, २५ आणि २६ हे चॅनेल तुलनेने मोकळे सापडतात. पैकी २६ वर अनेक उपकरणे प्रेषणशक्ती कमी ठेवतात, काही तो वापरतच नाहीत.

थ्रेड : २०१४ मध्ये जाहीर झालेल्या थ्रेड या दुसऱ्या मेश मानकाचा रेडिओ तोच, पण जाळे आयपीव्ही६चे, म्हणजे इंटरनेटच्या पत्तापद्धतीचे. नवागत इथे ‘जॉइनर’ म्हणवतो. त्याचा ६ ते ३२ अक्षरांचा परवलीचा शब्द हवेतून न पाठवता, जे-पेक पद्धतीने दोन्ही बाजूंना तो ठाऊक असल्याचे सिद्ध केले जाते आणि मगच किल्ली मिळते. सर्वज्ञात किल्लीचा प्रश्न इथे उद्भवत नाही. गोंधळ टळावा म्हणून या शब्दात आय, ओ, क्यू व झेड ही रोमन अक्षरे वर्ज्य आहेत. एका जाळ्यात एका वेळी कमाल ३२ राउटर सक्रिय असतात. ऑक्टोबर २०२२ च्या मॅटर या स्मार्ट घरांच्या मानकापासून थ्रेड जाळ्यात शिरायला लागणारी किल्ली वगैरे माहिती बहुधा फोनवरून ब्लूटूथद्वारे उपकरणाला दिली जाते.

भारतात २.४ गिगाहर्ट्झ पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी २००५ पासून परवानामुक्त आहे. वीजमीटरांच्या मेशसाठी ८६५ मेगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा वापरला जातो. त्यांची प्रवेशपद्धती झिग्बीहून वेगळी आहे.