उजनी वजा किती? सोलापूरच्या पाण्याच्या आकड्यांची पार्श्वभूमी

उन्हाळा लागला की सोलापुरात एक प्रश्न हमखास कानावर पडतो: उजनी वजा किती? धरणात पाणी दिसत असताना साठा वजा कसा, हे बाहेरगावच्या पाहुण्याला समजावून सांगावं लागतं. उजनी धरणाची क्षमता सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट), पण त्यातला ६३ टीएमसीहून जास्त मृतसाठा, म्हणजे दारांच्या पातळीखालचं, सहज सोडता न येणारं पाणी. पाणी त्या रेषेखाली उतरलं की आकड्यामागे वजा लागतं. पाणी मोजणारे सेन्सर आणि आपत्तीचे नियंत्रण कक्ष ही नावं अलीकडची. आकड्यांवर जगण्याची सवय मात्र या शहराला जुनी आहे.

जिल्ह्यात वर्षाला सरासरी जेमतेम साडेपाचशे मिलिमीटर पाऊस, तोही बेभरवशाचा. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी तळं खोदवलं ते उगाच नाही. इंग्रजी अमदानीत एकरुख तलाव, म्हणजे आपला हिप्परगा, १८७१च्या सुमारास पुरा झाला आणि पाचच वर्षांत १८७६चा भीषण दुष्काळ आला. त्यातून नेमलेल्या आयोगानं १८८०मध्ये अहवाल दिला, पुढे दुष्काळ संहिता आल्या. पाऊस, पेरा आणि धान्याचे भाव यांच्या नोंदींवरून टंचाईची चाहूल आधीच घ्यायची, ही त्यामागची कल्पना. संगणकाच्या कितीतरी आधीची ही माहिती-यंत्रणाच होती.

भीमेवरचं उजनी १९८०मध्ये पूर्ण झालं आणि शहराची मान त्या आकड्यात अडकली. एक हिशेब मला फार महत्त्वाचा वाटतो. शहरासाठी टाकळीला नदीतून पाणी उपसतात; त्या उपशासाठी औज बंधारा भरायचा तर उजनीतून नदीत पाणी सोडावं लागतं, आणि अशा एका पाळीला, म्हणजे एका वेळच्या सोडण्याला, पाच-सहा टीएमसी जातात. उलट, थेट उजनीवरून आणायच्या समांतर जलवाहिनीची क्षमता रोज १७ कोटी लिटर. ती वर्षभर पूर्ण चालली तरी जेमतेम सव्वादोन टीएमसी लागतील. हे दोन आकडे शेजारी ठेवले की समांतर जलवाहिनीसाठी शहर इतकी वर्षं का झटत होतं, ते वेगळं सांगावं लागत नाही.

आपत्तीचा विचार पाण्यापलीकडे गेला तो ३० सप्टेंबर १९९३च्या किल्लारी भूकंपानंतर. त्या पहाटे सोलापूरही हादरलं होतं. पुनर्वसनाबरोबरच राज्यात जिल्हावार आपत्ती आराखडे आणि नियंत्रण कक्ष उभे राहिले. पुढे कृष्णा-भीमा खोऱ्यात पाऊस आणि नदीपातळी आपोआप नोंदवणारी केंद्रं बसली. जानेवारी २०१६मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या २० शहरांत सोलापूर नववं आलं; राज्यातून त्या यादीत पुण्याशिवाय दुसरं कुणी नव्हतं. २०१८ आणि २०१९च्या पावसाळ्यात पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं इथे रडार लावून कृत्रिम पावसाचे प्रयोग केले.

एवढी मोजदाद झाली, पण तिचा बराचसा भाग धरणावर, नदीवर आणि आकाशात. टाकीतून निघालेलं पाणी कोणत्या पेठेत किती पोचलं, कुठे मुरलं, हे मोजणं सगळ्यात मागे राहिलं. चार-पाच दिवसांआड पाणी येणाऱ्या घरात पाळीची वेळ अजून नळाचं पाणी सोडणाऱ्या चावीवाल्याला विचारूनच कळते. मला ही उणीव रडारपेक्षा मोठी वाटते.

सप्टेंबर २०२५मध्ये तर नेहमी कोरडी असणारी सीना उलटली. सीना-कोळेगाव, चांदणी, खासापुरी या वरच्या धरणांचे विसर्ग एकत्र आले, माढा-मोहोळकडची गावं पाण्यात गेली, लांबोटीजवळ पुणे महामार्ग थांबला. विसर्गाचे क्युसेक, म्हणजे सेकंदाला किती घनफूट पाणी सुटतंय ते, मोबाईलवर येत होते. पण नदीकाठी गोठ्यात जनावरं बांधलेल्या माणसाला कळायला हवं होतं ते इतकंच: एवढे क्युसेक म्हणजे पाणी माझ्या दावणीला किती वाजता लागेल?