अली कधीच नॉकआउट झाला नाही, आणि भानगड तिथेच आहे

जून आला की बॉक्सर मुहम्मद अलीचे फोटो ग्रुपवर फिरायला लागतात (3 जून 2016 ला गेला तो) आणि फोटोखाली हमखास दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते ठोसे खाऊन खाऊन पार्किन्सन्स (हात थरथरतात, हालचाल आणि बोलणं मंदावतं तो मेंदूचा आजार) झाला त्याला, विषय संपला. दुसरी म्हणते काहीतरीच काय, अली आख्ख्या करियरमध्ये एकदाही नॉकआउट झाला नाही, मग मेंदूला मार लागलाच कसा? यंदा एका काकांनी हे दुसरं इतक्या ठामपणे लिहिलं की म्हटलं आता नीट लिहूनच काढू, कारण हा गैरसमज एकट्या काकांचा नाही, बॉक्सिंग बघणाऱ्या निम्म्या लोकांचा आहे.

आधी माणूस थोडक्यात, बाकी सगळ्यांना माहीतच असतं. 1942 साली अमेरिकेत केंटकी राज्यातल्या लुईव्हिलमध्ये जन्म, नाव कॅशियस क्ले. बारा वर्षांचा असताना सायकल चोरीला गेली, तक्रार करायला गेला तर समोरचा पोलिस जो मार्टिन हा बॉक्सिंग शिकवणारा निघाला, तो म्हणाला चोराला बदडायचं असेल तर आधी बदडायला शीक. 1960 ला रोम ऑलिंपिकमध्ये गोल्ड, 1964 ला बाविसाव्या वर्षी सनी लिस्टनला हरवून हेवीवेट चॅम्पियन, मग धर्म आणि नाव बदललं. 1967 ला व्हिएतनाम युद्धासाठी भरती व्हायला नकार दिला म्हणून किताब काढून घेतला आणि साडेतीन वर्षं रिंगच्या बाहेर. ही साडेतीन वर्षं लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहेत. एकूण 61 लढती, 56 जिंकल्या, 5 हरला. आणि काकांचं म्हणणं एवढ्यापुरतं खरं आहे की या 61 मध्ये पंचांनी दहा आकडे मोजून अली उठलाच नाही असं एकदाही झालं नाही. 1980 ला लॅरी होम्सविरुद्ध लढत मध्येच थांबवली, तीही त्याच्या स्वतःच्या कोपऱ्यातल्या माणसांनी.

आता माझा आवडता भाग. ठोसा लागल्यावर कवटीच्या आत नक्की काय होतं?

बहुतेकांच्या डोक्यात चित्र असं असतं की ठोशाने डोकं मागे जातं, मेंदू कवटीवर आपटतो आणि त्याला इजा होते. हे थोडंफार होतं, पण खरा घोळ वेगळाच आहे. 1943 साली ऑक्सफर्डमध्ये होलबॉर्न नावाचा एक भौतिकशास्त्रज्ञ, डॉक्टर नव्हे, या प्रश्नाच्या मागे लागला. त्याचा युक्तिवाद भलता सुंदर होता. तो म्हणाला मेंदूची घनता पाण्याच्या जवळपास आहे आणि पाण्यासारखाच तो दाबून लहान होत नाही. पण आकार बदलायला, म्हणजे एक थर दुसऱ्या थरावरून सरकायला (इंजिनियर लोक याला शिअर म्हणतात) तो जवळजवळ विरोधच करत नाही. दाबायला जितका विरोध त्याच्या साधारण दहा लाखावा हिस्सा सरकायला. मग कवटीत गच्च भरलेल्या अशा पदार्थाला सरळ रेषेत ढकललं तर फार काही होणार नाही, सगळा एकत्रच हलेल. पण कवटी झटक्यात *फिरवली* तर बाहेरचा थर कवटीबरोबर फिरणार, आतला भाग जडत्वामुळे मागे राहणार, आणि दोघांच्या मध्ये जे काही आहे ते ताणलं जाणार.

घरी करून बघायचं तर डब्यात लावलेला खरवस घ्या. डबा टेबलावर सरळ ढकला, काही होत नाही. तोच डबा जागच्या जागी गर्रकन फिरवून थांबवा, कडेजवळ भेगा पडतात. होलबॉर्नने हेच केलं, मेंदूच्या आकाराच्या जिलेटिनवर, आणि ताण कुठे पडतो ते प्रत्यक्ष पाहिलं. पुढे अमेरिकेत माकडांवर प्रयोग झाले (आज ते वाचायला त्रास होतो) आणि त्यातही डोकं फिरवणारा धक्का सरळ धक्क्यापेक्षा फार वाईट ठरला, त्यातही बाजूला फिरवणारा सगळ्यात वाईट.

म्हणून हनुवटी. टॉर्क म्हणजे बल गुणिले अंतर, हे शाळेत झालंय. डोकं फिरतं मानेच्या वरच्या टोकावर आणि हनुवटी तिथून चांगली लांब, म्हणजे तोच ठोसा कपाळावर बसला तर डोकं मागे ढकललं जातं आणि हनुवटीवर बाजूने बसला तर डोकं फिरतं. 8 मार्च 1971, न्यूयॉर्क, शेवटचा पंधरावा राउंड, समोर जो फ्रेझर, त्याचा डावा हुक (वाकवलेल्या हाताने बाजूने मारलेला ठोसा). व्हिडिओ स्लो करून बघा. ठोसा जबड्यावर बसतो, आधी जबडा फिरतो, मग डोकं, खांदे अजून जागेवरच, आणि मग अली उताणा, पांढऱ्या बुटांचे लाल गोंडे हवेत. आणि पंचांचे आकडे निम्म्यावर यायच्या आत अली उभा! लोक आजही याला जिगर म्हणतात, आणि आहेच ती जिगर. पण आत काय चाललं होतं?

ठोशाचे आकडे मोजलेले आहेत. 1985 मध्ये इंग्लंडच्या फ्रँक ब्रूनोचा ठोसा मोजला, हा पुढे जाऊन वर्ल्ड चॅम्पियन झाला. मुठीचा वेग सेकंदाला 8.9 मीटर, बल 4096 न्यूटन, म्हणजे चारशे किलोच्या वर वजन ठेवल्यासारखं, आणि टेकल्यापासून 14 मिलिसेकंदांच्या आत तिथवर पोचलेलं. नंतर 2005 च्या एका अभ्यासात ऑलिंपिक बॉक्सर्सना सेन्सर लावलेल्या डमीच्या जबड्यावर ठोसे मारायला लावले, तिथे डोक्याचं कोनीय त्वरण (फिरण्याचा वेग किती झपाट्याने वाढतो ते) सरासरी 6300 रेडियन प्रति सेकंद वर्गच्या आसपास आलं. आकडा डोक्यावरून गेला तर जाऊ द्या, एवढंच धरा की हे सगळं पापणी लवायच्या कितीतरी आधी उरकतं.

आणि हा *कमी वेळ* हाच खरा खलनायक आहे. मेंदूतल्या पेशींना एकमेकींशी जोडणारे धागे म्हणजे ॲक्सॉन, जाडी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढी किंवा त्याहून कमी. हा धागा हळू ताणला तर मूळ लांबीच्या दुप्पट होऊनही पूर्ववत होतो, काही बिघडत नाही. झटक्यात ताणला तर मात्र तो कडक होतो आणि त्याच्या आतल्या बारीक नळ्या, मायक्रोट्यूब्यूल्स, तुटतात. या नळ्यांना एकमेकींशी बांधून ठेवणारं प्रोटीन म्हणजे टाऊ. टाऊ हळू ओढलं तर सैल पडतं आणि नळ्या एकमेकींवरून सरकतात, पण झटक्यात ओढलं तर त्याला सैल पडायला सवडच मिळत नाही, मग सगळा ताण नळीवर. नळी तुटली की तिच्यावरून होणारी मालवाहतूक तिथेच अडते, धाग्याला गाठी येतात. त्यातच धाग्याच्या भिंतीतले सोडियमचे दरवाजे बिघडतात, सोडियम आत शिरतं, त्यामागून कॅल्शियम, आणि कॅल्शियम आत गेलं की प्रोटीन कापणारे एन्झाइम जागे होतात. इकडे पोटॅशियम बाहेर सांडलेलं असतं, ते परत आत ओढायला पंप जोरात चालतात, त्यांना एटीपी म्हणजे ऊर्जा लागते, आणि नेमका याच वेळी मेंदूचा रक्तपुरवठा कमी झालेला असतो. मागणी जास्त, पुरवठा कमी, हे कित्येक दिवस चालतं. या दिवसांत दुसरा ठोसा बसला तर पहिल्यापेक्षा महागात पडतो.

आता बघा, यात "बेशुद्ध पडला" हे कुठेच आलं नाही. बेशुद्धी यायला मेंदूच्या देठातलं, म्हणजे ब्रेनस्टेममधलं, माणसाला जागं ठेवणारं जाळं क्षणभर बंद पडावं लागतं किंवा पेशींचा फार मोठा गट एकदम बिथरावा लागतो. नेमकं कुठलं यावर अजून वाद चालू आहे. पण धागे ताणले जायला तेवढं सगळं व्हायची गरजच नाही. शंभर मध्यम ठोसे बसूनही माणूस उभा राहू शकतो आणि धागे ताणले जातच असतात. उलट नॉकआउट झाला तर लढत तिथेच संपते, पुढचे शंभर ठोसे वाचतात!

इथे आपल्या हिंदी पिक्चरवाल्यांना कोपरापासून नमस्कार. डोक्याला मार लागून याददाश्त गेली, मग क्लायमॅक्सला दुसरा मार लागून परत आली. बाबांनो, दुसरा मार म्हणजे वर सांगितलेल्या ऊर्जेच्या दुष्काळात तेरावा महिना. आणि कोणी बेशुद्ध पडलं की कांदा नाहीतर चप्पल हुंगवायची जी आपली घरगुती न्यूरोलॉजी आहे, तिनेही काही जोडलं जात नाही, आधी आडवं झोपवून श्वास चालू आहे ना बघा आणि डॉक्टर गाठा.

ग्लव्हजचंही तेच. 1867 च्या क्वीन्सबेरी नियमांनी ग्लव्हज आले आणि खेळ सभ्य झाला असं लोक समजतात. हातात 27 हाडं असतात, उघड्या मुठीने कवटीवर मारलं तर मोडतात, म्हणून उघड्या मुठीचे खेळाडू डोक्यावर सारखं मारू शकायचेच नाहीत. ग्लव्ह हात वाचवतो, आणि हात वाचला की डोक्यावर हवं तितकं मारता येतं. ठोशाचं शिखर थोडं बोथट होतं, कातडी कमी फाटते, पण डोकं फिरायचं ते फिरतंच. हेडगार्डही असंच. पुरुषांच्या वरच्या पातळीच्या हौशी स्पर्धांतून ते 2013 ला काढलं, रिओ ऑलिंपिक त्याशिवाय झालं, तर बायकांना अजून आहे, आपली लवलीना, निखत घालूनच लढतात. जखमा नक्की टळतात, पण फिरण्याच्या झटक्यावर त्याचा उपयोग फार थोडा. "मेंदू सुरक्षित" असं छापून महागडं गार्ड कोणी विकत असेल तर पाकीट खिशातच ठेवा.

परत अलीकडे. 1967 पर्यंतचा अली बघितला तर त्याला ठोसा लागायचाच नाही. हात खाली, आणि ठोसा आला की डोकं मागे. सगळे कोच म्हणायचे चूक आहे, पण ठोशाच्याच दिशेने डोकं मागे गेलं की दोघांमधला सापेक्ष वेग कमी, म्हणजे धक्का कमी. साडेतीन वर्षांनी परत आला तेव्हा पायातली ती चपळाई राहिली नव्हती, आणि मग त्याला दुसरी कला सापडली, मार पचवायची. 30 ऑक्टोबर 1974, आफ्रिकेतलं किन्शासा. समोर जॉर्ज फोरमन, तोवर 40 लढती, 40 विजय, 37 नॉकआउट. अली दोरांवर रेलून राहिला. दोर मागे जातात, ठोशाचा जोर जास्त वेळात वाटला जातो, बरेचसे ठोसे हातावर. आठव्या राउंडला फोरमन दमला आणि अलीने त्याला पाडला. डावपेच म्हणून कमाल! पण सगळे ठोसे काही हातावर बसले नव्हते, आणि पुढच्या वर्षी मनिलात फ्रेझरबरोबर चौदा राउंड झाले ते तर विचारूच नका. आणि हे झालं फक्त मॅचचं. प्रॅक्टिसमध्ये तो सवय व्हावी म्हणून जोडीदारांना स्वतःला मारू द्यायचा.

याचा पुरावा कुठे मिळावा, तर त्याच्या बडबडीत. ॲरिझोनातल्या संशोधकांनी त्याच्या जुन्या मुलाखती घेऊन सेकंदाला किती अक्षरं बोलतो ते मोजलं. 1968 ते 1981 मध्ये बोलण्याचा वेग 26 टक्क्यांनी घसरला होता. 1977 ला अर्नी शेव्हर्सचे पंधरा राउंड खाल्ले त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या बोलण्यात 16 टक्क्यांचा फरक. जिंकला होता तो ही लढत, बरं का! पार्किन्सन्सचं निदान झालं 1984 ला. 1980 ला होम्सच्या लढतीआधी मेयो क्लिनिक या अमेरिकेतल्या हॉस्पिटलने तपासलं तेव्हाच बोट नाकाला नीट लागत नव्हतं, एका पायावर उडी धड जमत नव्हती, तरी लढायला हरकत नाही असं ठरलं. शेवटची लढत 1981 ला बहामात, तिथे धड घंटाही नव्हती, गाईच्या गळ्यातली वाजवली.

मग पहिली पार्टी बरोबर का? तर तसंही नाही. 1973 मध्ये कोर्सेलिस या डॉक्टरांनी पंधरा निवृत्त बॉक्सर्सचे मेंदू तपासले, त्यातल्या बऱ्याच जणांत डोपामिन (हालचालींवर ताबा ठेवायला लागणारं रसायन) बनवणारा मेंदूतला काळसर भाग फिका पडला होता, म्हणजे ठोशांनी पार्किन्सन्ससारखं होऊ शकतं हे पक्कं. पण 2022 ला न्यूरोलॉजिस्ट लोकांनी अलीच्या नोंदी मांडल्या, त्यात लक्षणं एका बाजूला जास्त, पार्किन्सन्सवरच्या लेवोडोपा गोळीला चांगला प्रतिसाद, आजार अनेक वर्षं हळूहळू वाढलेला, हे सगळं नेहमीच्या पार्किन्सन्सचं चित्र आहे. मला हे पटतं. पण डोक्याला वारंवार मार लागला की नेहमीच्या पार्किन्सन्सचीही शक्यता वाढते, त्यामुळे "बॉक्सिंगचा काही संबंध नाही" असं त्यातून निघत नाही. आणि वारंवार मार बसून होणाऱ्या मेंदूच्या ज्या आजाराला सीटीई म्हणतात, टाऊच्या गाठी मेंदूच्या घड्यांच्या तळाशी साचणं (खरवसातही ताण असा ठरावीक जागीच पडतो ना), ते आजतरी मेल्यावर मेंदूचे काप बघूनच ठरतं. रक्त घेऊन आत्ताच सांगतो म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नका.

हौशी बॉक्सिंगमध्ये आता तीन मिनिटांचे तीनच राउंड असतात, मॅचमध्ये नॉकआउट झाला की ठरावीक दिवस सक्तीची सुट्टी मिळते. प्रॅक्टिसमध्ये डोक्यावर किती बसले ते कोणी मोजत नाही. पोरीला किंवा पोराला क्लासला घालायचं असेल तर जरूर घाला, मस्त खेळ आहे, फक्त सरांना विचारा की आठवड्यात डोक्यावर मारायचं स्पॅरिंग (जोडीदाराशी सरावाची लढत) किती दिवस असतं, आणि ठोसा बसून गरगरलं तर किती दिवस घरी बसवता. "काही होत नाही हो, सवय होते" असं उत्तर आलं तर दुसरा क्लास बघा.