डिक्टेशन अचानक चुकायला लागलं? आधी माइक कुठला चालू आहे ते बघा

"काल नीट लिहीत होतं, आज काहीही लिहितंय." असा डॉक्टरांचा फोन आम्हाला बहुधा संध्याकाळच्या ओपीडीत येतो, पेशंट समोर बसलेला असताना. बहुतेक वेळा बोललेलं टाइप करणारं डिक्टेशन सॉफ्टवेअर बिघडलेलं नसतं. हेडसेट डॉक्टरांच्या डोक्यावर असतो आणि कॉम्प्युटर ऐकत असतो लॅपटॉपच्या माइकवरून.

कुणीतरी पेनड्राइव्ह लावायला हेडसेटची पिन काढतं, नाहीतर रात्रीतून विंडोज अपडेट होतं. पिन परत लावली तरी इनपुट लॅपटॉपवरच राहू शकतो. मग तुमच्या आवाजात डोक्यावरचा पंखा, बाहेर पुकारले जाणारे नंबर, नातेवाइकांचं बोलणं, सगळंच मिसळतं.

अर्ध्या मिनिटाची चाचणी अशी. सेटिंग्ज, सिस्टिम, साउंड उघडा आणि इनपुटची पट्टी समोर ठेवा. हेडसेटच्या माइकवर नखाने हलकेच घासा. पट्टी उडाली पाहिजे. नाही उडाली, तर त्याच पानावर इनपुटमध्ये हेडसेट निवडा. त्यानंतर डिक्टेशनची विंडो पूर्ण बंद करून पुन्हा उघडा. हीच पायरी राहून जाते. उघडा असलेला प्रोग्रॅम जुनाच माइक धरून बसतो आणि "निवडला तरी होत नाही" म्हणून पुन्हा फोन येतो.

माइक ओठांच्या कोपऱ्याशी, दोन बोटं लांब ठेवा. थेट तोंडासमोर आला तर प, फ, भ म्हणताना श्वास आदळतो.

वायरचाच हेडसेट आम्ही का गळ्यात मारतो, असंही विचारतात. माइक चालू झाला की बरेच साधे ब्लूटूथ सेट आवाजाचं सॅम्पलिंग ८ किलोहर्ट्झवर आणतात, म्हणजे जुन्या टेलिफोनसारखा जेमतेम ४ किलोहर्ट्झपर्यंतचाच आवाज उरतो. 'स' आणि 'फ' मधला फरक बराचसा त्याच्या वरच्या पट्टीत असतो, तो कापला जातो. औषधांच्या नावांत हे परवडत नाही.

माइक बरोबर असला तरी सहीआधी वाचणं सुटत नाही, आमच्या सॉफ्टवेअरमध्येही नाही. 'फिफ्टीन' आणि 'फिफ्टी' यांत गल्लत होते, म्हणून डोस 'वन फाइव्ह' असा एकेक आकडा सुटा बोला. 'नो फीवर'मधला 'नो' घाईत गिळला की ताप नसलेल्या पेशंटला कागदावर ताप येतो. हायड्रॉक्सिझिन खाजेवर, हायड्रालाझिन बीपीवर. कानाला दोन्ही जवळजवळ सारखी. आरएमओने (निवासी डॉक्टरने) डिक्टेट केलेलं डिस्चार्ज कार्ड असेल तर आकडे आणि औषधं तेवढी तरी मोठ्याने वाचून घ्या. टीपीएची, म्हणजे विम्याचे क्लेम तपासणाऱ्या कंपनीची, क्वेरी निस्तरण्यापेक्षा ते स्वस्त पडतं. भारतीय वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे पेशंटने रेकॉर्ड मागितलं तर ७२ तासांत द्यावं लागतं. तेव्हा हीच कार्डं बाहेर जातात.

तुम्ही नेहमी लिहिता ती ब्रँडची नावं शब्दसूचीत घालून देणं वार्षिक मेंटेनन्समध्येच येतं. त्यासाठी २० जुनी डिस्चार्ज कार्डं लागतात, पेशंटचं नाव, पत्ता, आयपीडी (भरतीचा) नंबर झाकून. न झाकलेली आम्ही परत पाठवतो, राग मानू नका.

नखाची चाचणी करूनही अडलं तर फोन करा. नाशिकरोड ते सातपूर, आमचा माणूस त्याच दिवशी येतो. नुसता माइक निवडून द्यायचा निघाला तर व्हिजिट चार्ज लागेल. आधी पट्टीचा फोटो पाठवलात तर ते काम फोनवरच होतं, फुकट.